मळीचा वास

दिवाळी अंकात रमवर लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. फराळाच्या ताटाशेजारी उघडा पडणारा अंक हा. आमची आजी माळकरी, आषाढीला पायी जाणारी. तिनं हे वाचलं असतं तर माझ्या हातचं पाणी टाकलं असतं. पण आजी जाऊन पन्नास वर्षे झाली, मीही सत्तरी गाठली, आणि जे लिहायचं ते खरं तर रमविषयी फार थोडं आहे.

मी जन्माने आणि वास्तव्याने काकतीचा. राणी चन्नम्मांचं हे माहेर, १७७८ साली त्या इथं जन्मल्या, एवढं बाहेरच्यांना ठाऊक असतं. बाकी आमची ओळख म्हणजे बेळगाव सोडल्यावर पुणे रस्त्यावर लागणारं पहिलं मोठं गाव. नोकरी सीमाभागातल्याच एका सहकारी साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून. तेहतीस गाळप हंगाम मी रस, पाक आणि मळी तपासण्यात घालवले. साखरेचे दाणे काढून काढून जे काळं, चिकट, आणखी दाणा द्यायला नकार देणारं द्रव्य उरतं ती मळी. शंभर किलो उसामागे चार-साडेचार किलो. तिच्या टाकीचा वास एकदा कपड्यांत शिरला की निघत नाही. आमची ही लग्नानंतर पहिलं वर्षभर माझे सदरे वेगळे भिजवत असे.

याच मळीची रम होते. जगातली बहुतेक सगळी रम मळीची. आपल्याकडं तर व्हिस्की म्हणून जी विकली जाते तीही बहुतांश मळीच्याच अर्काची असते, म्हणून युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. हे मी व्यवसायामुळं जाणून होतो. चव मात्र कधी घेतली नव्हती. त्याला कारण होतं.

आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, मराठा पलटणीतले. १९४३ साली, अठराव्या वर्षी भरती झाले, इटलीत लढले. १९४५ च्या एप्रिलात सेनिओ नदीपाशी नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या आघाडीवर आबा होते. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा एक काळी ट्रंक, एक इनॅमलचा मग आणि रात्री जेवणाआधी एक पेग रम एवढं घेऊन आले. बेळगावात मराठा रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून, त्यामुळं आमच्या पट्ट्यात कॅन्टीनची रम ही काही नवलाची वस्तू नव्हती. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि तिथं १९४९ चा दारूबंदीचा कायदा होता. त्या काळातही सुट्टीवर येणाऱ्या फौजीच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत एक बाटली असायचीच, असं म्हातारी माणसं सांगत. पोराला सर्दी झाली की आया त्यांच्या घरी वाटी घेऊन जात, छातीला चोळायला. आमच्या माळकरी आजीचाही या वापराला विरोध नव्हता.

फौजेत ही रम आली इंग्रजांकडून. त्यांच्या आरमारात खलाशांना रोजची रम मिळे. १६५५ साली जमैका बेट हाती आल्यावर ही चाल पडली आणि तीनशे वर्षे टिकली. ३१ जुलै १९७० ला शेवटचं माप वाटलं गेलं. गयाना, त्रिनिदाद, बार्बाडोस अशा ठिकठिकाणची रम एकत्र करून ती बनवत. आबांना यातलं काही ठाऊक नसावं. त्यांची हर्क्युलिस किंवा ओल्ड मंक असे. मगात माप ओतायचं, वर गरम पाणी, पाठीला भिंत, आणि आकाशवाणीच्या बातम्या. दुसरा पेग घेतलेला मी त्यांना पाहिलं नाही. हे वाक्य आज मी सहज लिहिलं. १९८८ साली हे मला दिसत नव्हतं.

माझा थोरला भाऊ, दादा, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला होता. भट्टीपुढं आठ तास उभं राहायचं काम. पाळी सुटली की चौघे-पाचजण मिळून जात. त्या काळी आमच्याकडं पाकिटातली दारू मिळे, कन्नडात सारायी म्हणतात ती. दुधाच्या पिशवीसारखी, दाताने कोपरा तोडायचा की झालं. कर्नाटकात ती २००७ साली बंद झाली. दादाच्या हिशेबात फार उशिरा. १९८५ नंतर तो पगाराच्या दिवशी घरी येईनासा झाला. मी सायकल घेऊन हमरस्त्याच्या कडेनं शोधत जाई. कधी मारुतीच्या कट्ट्यावर सापडे, कधी उसाच्या बांधावर. सायकलवर बसवून आणताना तो माझ्या पाठीला डोकं टेकून, अगदी शहाण्यासारखं, आईची चौकशी करी. आई जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

असा एकदा त्याला आणून पडवीत निजवला आणि मी सरळ आबांपुढं जाऊन उभा राहिलो. ते मग हातात घेऊन बसले होते. मी म्हणालो, "हे सगळं तुमच्या या मगातनं सुरू झालं. त्यानं घरात बघितलं, म्हणून तो शिकला." आणखीही बोललो. आबांनी उत्तर दिलं नाही. मग खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रम सोडली. कॅन्टीनचं कार्ड ट्रंकेत टाकलं ते पुन्हा काढलं नाही. १९८९ च्या पावसाळ्यात ते गेले. दादाची सुटली नाही. तो १९९६ साली गेला, शेहेचाळिसाव्या वर्षी, पोट पाण्यानं भरून. त्याचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता.

वहिनी आमच्याबरोबरच राहिल्या. त्या गोकाककडच्या, माहेरचं घर कन्नड, पण आता त्यांचं मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत. रागावल्या की मात्र कन्नडात शिरतात. पुतण्या हुशार निघाला, हॉटेल मॅनेजमेंट केलं, आणि गेली बारा-तेरा वर्षे परदेशी प्रवासी जहाजांवर नोकरी करतो. सात-आठ महिने समुद्रावर, दोन महिने घरी. गोव्यातली आणि आमच्या भागातली कितीतरी पोरं आज या धंद्यात आहेत. आईला त्यानं सांगितलं होतं की आपण जेवणाच्या विभागात आहोत. तो बारमध्ये होता. हे मला माहीत होतं. दारूनं ज्याचा बाप नेला त्या पोरानं जगाला दारू ओतून द्यावी, हे मी मनात कुठंतरी दडपून ठेवलं होतं.

गेल्या मे महिन्यात तो आला, तो आल्या आल्या माझ्या खोलीत शिरून दार लोटून बसला. बॅगेतनं एक छोटी कुपी काढली. पन्नास मिलिलीटरची, औषधाच्या बाटलीसारखी, बूच मेणानं बंद केलेलं. सोबत कागदात गुंडाळलेला एक पेला, खाली फुगीर, तोंडाशी निमुळता.

"काका, ही कारोनी," तो म्हणाला. "त्रिनिदादची. आता होत नाही."

लंडनमध्ये काही दुकानं अशा दुर्मिळ बाटल्या फोडून थोडी थोडी विकतात म्हणे. पूर्ण बाटली घेणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. या पन्नास मिलिलीटरला त्यानं किती मोजले ते त्यानं सांगितलं. तो आकडा मी इथं लिहीत नाही, घरात अजून शांतता आहे ती राहू दे.

त्रिनिदाद म्हणजे माझ्यासाठी १९७१ चा मार्च महिना. मी सोळा वर्षांचा, आणि 'तरुण भारता'त पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीचा वृत्तांत. वाडेकरांचा संघ, गोव्याच्या सरदेसाईंचं शतक, पहिल्याच कसोटीत गावसकरांच्या पासष्ट आणि नाबाद सदुसष्ट. आपण तिथं पहिल्यांदा जिंकलो. त्याच शहराजवळच्या सपाट मुलखात ऊस होता, आणि ऊस तोडणारी माणसं आपलीच होती, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. ३० मे १८४५ ला फतेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास गिरमिटिये घेऊन तिथं पोचलं. १९१७ पर्यंत अशी दीड लाखाच्या जवळपास माणसं गेली, बहुतेक बिहार आणि पूर्वेकडच्या संयुक्त प्रांतातली, काही मद्रासकडची. आपले मराठी लोक तिकडं जवळजवळ गेले नाहीत. पण कोयता तोच, बांधावरच्या झोपड्या त्याच.

कारोनी हे तिथल्या नदीचं नाव. हे ऐकून मला हसू आलं. आमच्याकडंही तीच रीत. संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, हुबळीच्या वाटेवरचा मलप्रभा, आणि खुद्द आमच्या काकतीचा मार्कंडेय. साखर कारखान्याला नदीचं नाव द्यायचं, मग नदीत पाणी असो वा नसो. कारोनीची कंपनी आधी इंग्रजांची होती. १९७५ मध्ये तिथल्या सरकारनं ती पूर्ण ताब्यात घेतली. पुढं तोटा वाढत गेला, आणि २००३ साली कारखाना बंद झाला. नऊ हजारांवर कामगारांची रोजी एका फटक्यात गेली. त्याच सुमारास रमची भट्टीही थंडावली. पुढच्या वर्षी लुका गार्गानो नावाचा एक इटालियन व्यापारी तिथं गेला, तर गोदामात जुन्या रमची हजारो पिंपं तशीच पडलेली. त्यानं ती विकत घेतली आणि ती रम हळूहळू बाटल्यांत भरत गेला. जिवंतपणी या रमला फारसं कोणी विचारत नव्हतं. कारखाना मेल्यावर ती सोन्याच्या भावानं गेली. बंद कारखान्याच्या कामगारांना त्यातलं काय मिळालं, हा प्रश्न मी पुतण्याला विचारला. तो म्हणाला, "काका, तुम्ही आधी वास तर घ्या."

त्याच्या कुपीतली रम १९९८ साली भट्टीतून निघालेली, आणि सतरा वर्षे तिथल्याच उष्ण हवेत ओकच्या पिंपात मुरलेली. दारूचं प्रमाण शेकडा पंचावन्न. थंड स्कॉटलंडात पिंपातलं वर्षाला शेकडा दोनेक टक्के उडून जातं. त्रिनिदादच्या उन्हात ते तिप्पट-चौपट. सतरा वर्षांनी निम्म्याहून जास्त पिंप रिकामं. या उडालेल्या भागाला तिकडचे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. आजी असती तर म्हणाली असती, देवाला हाच नैवेद्य बरा दिसला.

पुतण्यानं चार-पाच थेंब पाण्याचे घालून पेला माझ्यापुढं धरला. रंग काकवीचा, उजेडात धरला तर कडेला हिरवट. मी नाक नेलं आणि दचकलो. मला वाटलं होतं काहीतरी गोड, अत्तरासारखं असेल. हा तर डांबराचा वास! हमरस्ता रुंद करताना महिनेच्या महिने आमच्या दारात जो होता तो. त्यामागं जुन्या डिझेल इंजिनाचं तेल, रबर जळाल्यासारखं काही. मी पेला दूर केला. तो म्हणाला, थांबा, घाई करू नका. पाच मिनिटांनी पुन्हा घेतला, तर त्या डांबराखालून एकेक वर यायला लागलं. साल काळी पडलेलं केळं. गुऱ्हाळात कायलीच्या बुडाला करपलेला पाक. चिंचेचा जुना गोळा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पाऊल टाकताच छातीत भरतो तो कोरडा दर्प. आणि सगळ्याच्या तळाशी, तेहतीस वर्षे ज्याच्याबरोबर मी जगलो, तो मळीच्या टाकीचा वास. उन्हाळ्यात, गाळप संपल्यावर, तापलेल्या पत्र्याच्या टाकीचा.

मी पुतण्याला समजावून सांगितलं. आपल्याकडं मळीत पाणी आणि यीस्ट घालून दीड-दोन दिवसांत आंबवण उरकतात, आणि उंच स्तंभातून शुद्ध करत करत असा अर्क काढतात की त्याला मळीची आठवणच राहू नये. ज्यांना जड रम हवी ते आंबवण रेंगाळू देतात. मग त्यात जिवाणूही शिरतात, आम्लं वाढतात, आम्लांचे आणि अल्कोहोलचे एस्टर होतात. केळ्याचा वास तो त्यांचा. आम्ही प्रयोगशाळेत ज्याला खराबी म्हणत असू त्यातलं अर्धं या पेल्यात होतं. पोरगं मन लावून ऐकत होतं. इतक्या वर्षांत माझ्या नोकरीविषयी त्यानं मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"तू घेत नाहीस?" मी विचारलं.

"जिभेवर ठेवतो आणि थुंकतो. तेरा वर्षं झाली, घशाखाली उतरू दिलेली नाही." मग थोड्या वेळानं म्हणाला, "आईला तुम्ही सांगाल का, मी काय काम करतो ते? मला बढती मिळतेय. पूर्ण जहाजाच्या बारची जबाबदारी. लपवायचा कंटाळा आला."

मी पेला ओठाला लावला. जिभेला आधी चटका, मग कडू, ओक आणि राख, मग हळूच जळक्या गुळाची गोडी. ती घशात उतरून छातीत बराच वेळ बसून राहिली. वाईट होती असं म्हणवत नाही. आवडली म्हणावी तर दुसरा घोट घ्यायला हात होत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते पंचावन्न टक्क्यांमुळं, असं मी पुतण्याला सांगितलं.

तेवढ्यात दार ढकलून वहिनी आत आल्या. हात पिठाचे. आम्ही दोघं बिडी ओढताना पकडलेल्या पोरांसारखे. लपवायला वेळच नव्हता आणि खोलीभर वास होता. त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला, नाकाशी नेला. मला वाटलं, आता कन्नड सुरू होणार.

"मामंजींच्या खोलीचा वास," त्या म्हणाल्या.

कोणी काही बोललं नाही. त्यांनी पुन्हा हुंगलं. "तसा नाही अगदी. पण घराणं तेच. ह्यांच्या अंगाला कधी असा वास नव्हता. ह्यांचा म्हणजे आंबूस, शिळ्या ताकागत."

"दादानं आबांची कधी घेतली नसेल असं कसं म्हणता, वहिनी?" माझ्या तोंडून गेलं.

"भावोजी, ट्रंकेची किल्ली माझ्याजवळ असायची की. लग्न होऊन आल्यावर महिन्याभरात मामंजींनी दिली. रोज संध्याकाळी मी मोजून मगात ओतायची आणि कुलूप लावायची. ह्यांनी कधी किल्ली मागितली नाही, चोरली नाही. प्यायलेले असले तरी त्या ट्रंकेजवळ गेले नाहीत. बापाची वस्तू." जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी मामंजींना बोललात ते मी चुलीपुढं बसून ऐकलं. सांगायला पायजे होतं. पण धाकटी सून, तुमच्यामध्ये कुठं पडू?"

खरं म्हणजे त्या थोरली सून. एवढ्या वर्षांनी बोलताना शब्द चुकला असेल, किंवा त्या वेळी घरात त्यांना तसंच वाटत असेल. मी दुरुस्त केलं नाही. आबांनी मग खाली ठेवला तेव्हा तो फरशीवर वाजला होता, तो आवाज मला आठवत राहिला. तो मग आता घरात नाही. मीच १९९६ नंतर कधीतरी भंगारवाल्याला दिला.

मग मी पुतण्याचं काम काढायचं म्हणून घसा साफ केला. "वहिनी, हा जहाजावर जे काम करतो ना..."

"बारमध्ये करतो. मला ठाऊक आहे. फोटो पाठवतो त्यात मागं बाटल्याच बाटल्या. मी काय आंधळी आहे?" मग मुलाकडं वळून, "पगार वेळेवर देतात नव्हं? आणि हे एवढंसं केवढ्याला?"

पोरानं खरा आकडा सांगितला. आता मात्र कन्नड सुरू झालं. त्यातलं मला समजलं तेवढं असं की तेवढ्यात न्हाणीघराचा पत्रा बदलून झाला असता.

ती रात्र आम्ही तिघं पडवीत उशिरापर्यंत बसलो. रस्त्यावरून ट्रक जात होते. वहिनी दादाविषयी बोलल्या, पण शेवटच्या वर्षांतला दादा नव्हे. फौंड्रीत लागण्याआधी, गुऱ्हाळावर रात्रपाळीला जाऊन सकाळी त्यांच्यासाठी वाटीत गरम काकवी आणणारा दादा. पोरगं ऐकत होतं. त्याच्या वाट्याला आलेला बाप वेगळा होता.

झोपताना पुतण्यानं मला बजावलं, पेला धुवू नका. घोटभर तळाशी ठेवलाय, तो रात्रीत वाळेल, आणि खरी रम पारखायची ती सकाळी रिकाम्या पेल्याच्या वासावर. तेव्हा डांबर गेलेलं असतं आणि उसाचं जे काय आहे ते एकटं उरतं. मी मान डोलावली. पहाटे लवकर जाग आली ती त्याच ओढीनं. चष्मा लावून स्वयंपाकघरात गेलो.

वहिनींचा चहा झाला होता. रात्रीची सगळी भांडी घासून ओट्यावर पालथी होती आणि त्यांत तो पेलाही, लख्ख, एक डागसुद्धा नाही. मी उचलून नाकाशी नेला. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास येत होता.

"काय शोधताय, भावोजी?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि चहाला बसलो.